फर्स्ट लव्ह (हात्सुकोई): हारुमिचीने याएला सांगायला हवं होतं का?

रानजाई

आधीच सांगते, मालिका बघायची असेल तर इथूनच मागे फिरा. शेवटापर्यंतचं सगळं या धाग्यात येणार आहे.

ही जपानी मालिका नेटफ्लिक्सवर आली २४ नोव्हेंबर २०२२ ला. मी बघितली आत्ता, गेल्या महिन्यात. नऊ भाग आहेत. रात्री सगळे झोपल्यावर कानात इअरफोन घालून रोज एकेक बघायचा असं ठरवलं होतं, पण शेवटचे तीन भाग एकाच रात्रीत संपवले आणि पहाटे चहा टाकून गॅलरीत बसून राहिले.

गोष्ट थोडक्यात अशी. होक्काइडोतली याए आणि हारुमिची, शाळेतलं पहिलं प्रेम. तिला हवाई सुंदरी व्हायचंय, तो पुढे हवाई दलात वैमानिक होतो. मग एक भांडण आणि त्या भांडणाच्या पाठोपाठ तिचा अपघात. ती वाचते, पण तो तिच्या आठवणीतून पुसला जातो. वीसेक वर्षांनी याए साप्पोरोत टॅक्सी चालवतेय. घटस्फोट झालाय, मुलगा नवऱ्याकडे वाढतोय. हारुमिची सुरक्षारक्षकाची नोकरी करतोय आणि त्याचं दुसरीकडे लग्न ठरलंय. आणि एक दिवस त्याला ती दिसते.

पहिल्या प्रेमाची माणसं पुन्हा भेटतात अशा गोष्टी आपण ढिगाने बघितल्यात. तिथे दोघंही ओळखतात, दोघांचेही डोळे भरून येतात. इथे एकालाच सगळं ठाऊक आहे. तिच्या लेखी तो एक नवीन, जरा अबोल, बरा वाटणारा माणूस. तो तिच्या टॅक्सीत मागच्या सीटवर बसतो, ती आरशातून बघून सौजन्याने बोलते, आणि तो गप्प. दोघांची आठवण एकट्याने सांभाळत बसलेला असतो तो. हारुमिची झालेल्या ताकेरू सातोने त्या गप्प बसण्यात जे काम केलंय त्याला तोड नाही. याए झालेल्या हिकारी मित्सुशिमाबद्दल तर काय बोलू! हसताना तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी शोधल्यासारखं येतं आणि जातं.

माझा प्रश्न एवढाच आहे. त्याने तिला सांगायला हवं होतं का? "आपण एकमेकांचे होतो" हे एक वाक्य? मला वाटतं, हवं होतं. आयुष्य तिचं होतं. त्यातली इतकी वर्षं दुसऱ्याच्या खिशात का राहावीत? हा प्रश्न माझ्या घरातलाही आहे, पण ते पुढे कधीतरी लिहीन.

पिंपळपान

छान लिहिलंयस रानजाई, पण मी उलट बाजूची. सांगून काय झालं असतं? तिने त्याच्याकडे बघितलं असतं आणि काहीच आठवलं नसतं. मग तिला अपराधी वाटलं असतं. एखाद्याने येऊन म्हणावं, तू माझ्यावर जिवापाड प्रेम केलं होतंस, आणि आपल्या आत मात्र शुकशुकाट. ते ओझं तिच्या अंगावर टाकायचं नाही म्हणून तो गप्प बसला. मला त्यात त्याचा मोठेपणा दिसला.

शिवाय न सांगितल्यामुळेच ती त्याच्या प्रेमात पुन्हा पडते, कुठल्याही जुन्या हिशेबाशिवाय. आधी सांगितलं असतं तर ते प्रेम खरं की उपकाराची फेड, हे तिलाच कळलं नसतं.

जपानीवाली

पुण्यात जपानी शिकवते, म्हणून भाषेच्या अंगाने थोडं लिहिते. इंग्रजी सबटायटल वाचून बघणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं.

मोठी झालेली याए त्याला "नामिकी सान" म्हणते. नामिकी हे आडनाव आणि सान म्हणजे आपलं राव-साहेब किंवा नुसतं अहो. क्रियापदंही सगळी आदरार्थी. आपल्याकडे कसं, जिला अगं-तुगं करत होतो ती अचानक "तुम्ही बसा ना" म्हणाली तर पोटात खड्डा पडतो. सबटायटलमध्ये सगळीकडे एकच 'यू', त्यामुळे हा खड्डा दिसतच नाही. मराठी माणसाला खरं तर तो इंग्रजीवाल्यांपेक्षा लवकर कळायला हवा, कारण तू आणि तुम्हीमधलं अंतर आपण रोज चालतो.

'हात्सुकोई'मधला हात्सु म्हणजे वर्षातलं किंवा आयुष्यातलं पहिलं. हात्सुयुकी म्हणजे मोसमातला पहिला बर्फ, हात्सुयुमे म्हणजे नव्या वर्षातलं पहिलं स्वप्न, हात्सुमोदे म्हणजे नव्या वर्षातलं पहिलं देवदर्शन. आणि प्रेमाला त्यांच्याकडे दोन शब्द, कोई आणि आइ. कोईमध्ये ओढ आहे, आपल्याकडे नसलेल्या माणसासाठी झुरणं आहे. आइ म्हणजे सोबत राहून मुरलेलं प्रेम. पहिल्या प्रेमाला जपानीत हात्सुकोईच म्हणतात, तिथे आइ हा शब्द लावत नाहीत. मालिकेच्या दोन्ही नावांचा अर्थ एकच आहे, कारण ती हिकारू उताडा या जपानी गायिकेच्या दोन गाण्यांवरून सुचली. एक १९९९ चं, इंग्रजी नावाचं. दुसरं २०१८ चं, जपानी नावाचं. पहिलं गाणं आलं तेव्हा उताडा १६ वर्षांची होती. त्याच नावाचा तिचा अल्बम जपानमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला आहे, ७६ लाखांच्या वर. माझ्या पिढीच्या जपानी मैत्रिणींना त्या गाण्याचे पहिले दोन सूर ऐकले तरी आपापली शाळा आठवते. लेखिका-दिग्दर्शिका युरी कानचिकु यांनी हे बरोबर हेरलं. एका गाण्यात अख्ख्या पिढीची आठवण साठलेली असेल, तर एका बाईचीही असू शकते.

आणखी एक, नावांची गंमत. याएच्या मुलाचं नाव त्सुझुरू. या क्रियापदाचा अर्थ शब्द जुळवून लिहिणं, आणि कागद एकत्र बांधणं, शिवणं हासुद्धा. त्याला आवडणारी मुलगी उता, म्हणजे कविता.

रानजाई

जपानीवाली ताई, तुमच्या प्रतिसादानंतर पहिला भाग पुन्हा लावला, फक्त "नामिकी सान" ऐकायला. अंगावर काटा आला.

शुश्रूषा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मेंदूला मार लागलेल्या रुग्णांबरोबर बरीच वर्षं काम केलंय. मालिका आवडली, पण वैद्यकीय बाजूचं थोडं सांगावंसं वाटतं.

डोक्याला मार लागल्यावर अपघाताच्या आधीचे काही तास, काही दिवस पुसले जाणं आम्ही नेहमी बघतो. सलग काही वर्षं जाणं आणि बाकी सगळं शाबूत राहणं हे दुर्मिळ. जातं तेव्हा साधारण नवं आधी जातं, जुनं टिकतं. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच हे मांडून ठेवलंय. त्यामुळे याएला लहानपण आठवतं आणि अपघाताआधीची वर्षं नाहीत, ही दिशा बरोबर आहे. गाणं ऐकून एका क्षणात सगळं परत येणं, हे मात्र कथेतच घडतं. पण संगीताची आठवण मेंदूत चिवट असते हे शंभर टक्के खरं. नाव न आठवणारे रुग्ण आरतीची सगळी कडवी म्हणताना मी पाहिलेत.

सांगावं की नाही, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. नातेवाईकांना आम्ही एक सांगतो. परीक्षा घेऊ नका. "ओळख बरं मी कोण" हे विचारणं थांबवा. माणूस स्वतः विचारेल तेव्हा खरं सांगा, थोडं सांगा, आणि सांगून झालं की तिथून उठून जाऊ नका.

उत्तरवारा

साप्पोरोत सहावं वर्ष. नोकरीसाठी आलो, मूळचा साताऱ्याचा.

मालिकेतला बर्फ खोटा वाटला असेल तर सांगतो, इथे डिसेंबर ते मार्च तो तसाच असतो. टॅक्सीबद्दल दोन शब्द. इथल्या टॅक्सीचं मागचं दार चालक आपल्या जागेवरून उघडतो आणि लावतो, प्रवाशाने हात लावायचा नसतो. पहिल्या वर्षी मी सवयीने दार ओढायचो आणि चालक हळूच "दाइजोबु, दाइजोबु" म्हणायचे, म्हणजे असू द्या, असू द्या. हारुमिची तिच्या टॅक्सीतून उतरतो तेव्हा मला त्या दाराचंच वाटतं. ते तिच्या हातात आहे. ती उघडेल तेव्हा हा उतरणार.

मालिकेत दिसणारा तो गोल चौक साप्पोरोतला नाही. तो असाहिकावातला टोकिवा रोटरी, रेल्वेने इथून दीड तासाच्या आत. जपानमध्ये असे गोल चौक फारसे नाहीत, म्हणून मुद्दाम जाऊन पाहिला. भोवती गाड्या फिरत होत्या, मधे बर्फाचा ढीग होता, आणि फुटपाथवर माझ्यासारख्याच दोन मुली फोटो काढत होत्या.

मालिकेतलं लायलॅक, म्हणजे ते सुगंधी जांभळ्या फुलांचं झाड, मात्र साप्पोरोचंच. हे शहराचं झाड आहे. १८९० च्या सुमारास सारा क्लारा स्मिथ या अमेरिकन बाईंनी इथे मुलींची शाळा काढली, त्यांनी मायदेशाहून हे झाड आणलं असं इथे सांगतात. मे महिन्यात ओदोरी पार्कमध्ये त्याचा उत्सव असतो. फुलं आली की हमखास दोन-चार दिवस थंडी परत फिरते, तिला इथे 'रिराबिए' म्हणतात, लायलॅकची थंडी. आठवडाभर टी-शर्टवर हिंडलेली माणसं कपाटात घातलेले कोट परत बाहेर काढतात. गेलेली गोष्ट चार दिवस परत येते ती अशी, आणि तिला स्वतःचं नावही आहे.

घारे_डोळे

ही मालिका ज्यांना आवडली त्यांनी 'सायलेंट' बघाच. फुजी टीव्हीची, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२२, म्हणजे ऐन त्याच दिवसांतली. तिथेही शाळेतलं पहिलं प्रेम, आठ वर्षांनी भेट. सो साकुराला ऐकू येईनासं होत जातं. ते न सांगताच तो त्सुमुगीला निरोप धाडतो, मला दुसरी कुणी आवडते, आपण थांबू. तिला त्याच्या आवाजाचंच वेड होतं, त्याने शाळेत सगळ्यांसमोर निबंध वाचला तेव्हापासून. पहिल्या भागाच्या सुरुवातीला बर्फ पडतोय, ती मोठ्याने म्हणत राहते "किती शांत आहे ना" आणि तो हसून म्हणतो, "तुझाच आवाज, गोंगाट." त्याच भागाच्या शेवटी ती त्याला रस्त्यात गाठते, बोलत सुटते, आणि तो रडत, हातांच्या खुणांनी तेच म्हणतो. गोंगाट आहेस तू. तिला खुणा कळत नाहीत. मी तिथे थांबवून पाणी प्यायले.

रानजाईचा प्रश्न तिथे उलटा होतो. हारुमिची भूतकाळ लपवतो, सो वर्तमान. दोघांनाही वाटतं आपण समोरच्याला वाचवतोय. सोच्या बाबतीत तर मला ठाम वाटतं की त्याने तिच्या वतीने निर्णय घ्यायचा हक्कच नव्हता.

आणि एक निरीक्षण. काहो ही अभिनेत्री दोन्हीकडे आहे. इथे हारुमिचीची होणारी बायको त्सुनेमी आणि 'सायलेंट'मध्ये जन्मापासून ऐकू न येणारी नाना, जिने सोला खुणांची भाषा शिकवली. एकाच मोसमात दोनदा ती उरलेली तिसरी झाली. नानाला आवडत्या माणसाचा हात धरून बोलत चालायचं असतं. पण तिच्या भाषेत बोलायला दोन्ही हात लागतात, मग हात धरायचा कधी? पहिल्या प्रेमाच्या पुनर्भेटीत ज्यांच्या वाट्याला काहीच येत नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी धागा काढायला हवा.

कोल्हापूरची_लेक

सगळे हारुमिचीवर घसरलात. याएच्या आईचं काय? तिने मुलीपासून त्याची आठवण लांब ठेवली. डॉक्टर जावई मिळतोय, मुलीचं भलं होतंय, कशाला जुनं उकरायचं, हा हिशेब. क्योको कोइझुमीने ती भूमिका इतकी चांगली केलीय की राग धड धरताही येत नाही. एकटीने मुलगी वाढवलेली बाई, हात कामाने रापलेले. माझ्या आजीनेही माझ्या आत्याला आलेलं एक पत्र चुलीत घातलं होतं. आत्याला ते आजी गेल्यावर कळलं, साठीत. ती तेव्हा म्हणाली, "पत्र जाळलं त्याचं काही नाही गं, पण मला वाचून जाळता आलं असतं."

म्हणून माझं मत रानजाईकडे. सांगायला हवं होतं, आणि ते आईने सांगायला हवं होतं, त्याने नव्हे.

पिंपळपान

कोल्हापूरची_लेक, आत्याचं वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. मी "ओझं" म्हणत होते. पण ओझं घ्यायचं की नाही हे ठरवायची संधी तरी हवी, हे पटलं. हारुमिचीबद्दल मात्र अजूनही मऊच आहे मी. तो स्वार्थासाठी गप्प नव्हता.

रानजाई

पुढे लिहीन म्हणाले होते, ते लिहिते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण आधीची सात-आठ वर्षं गेली. लग्न, आम्ही भावंडं, जुनी चाळ, सगळं लख्ख आठवतं. हे नवीन घर आठवत नाही. माझी वहिनी तिच्यासाठी "ती गोड मुलगी". आणि मावशी, तिची सख्खी मोठी बहीण, आजाराच्या दोन वर्षं आधी गेली, तेही नाही. नवं सांगितलेलंही नीट टिकत नाही.

ती विचारते, "ताई का येत नाही गं?" आम्ही सुरुवातीला सांगितलं. ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडली. चार दिवसांनी परत तोच प्रश्न, परत तेच रडणं. मग बाबांनी ठरवलं, सांगायचं नाही. "ताई गावाला गेलीय." तेव्हापासून आम्ही सगळे हारुमिची आहोत. त्याच्या डोळ्यांत जे दिसतं ते बाबांच्या डोळ्यांत मी रोज जेवणाच्या ताटावर बघते. म्हणून ही मालिका मला झोंबली.

आता एक गोष्ट. आमच्या नव्या घरात न्हाणीघराच्या दिव्याचं बटण चुकीच्या जागी बसलंय, दाराच्या मागे आणि कमरेच्याही खाली. पाहुण्यांना कधीच सापडत नाही. आई दिवसा विचारते, "हे कुणाचं घर? आपण कधी निघायचं?" आणि रात्री दोन वाजता उठते, अंधारात चालत जाते, दारामागे हात घालते आणि पहिल्याच झटक्यात ते बटण दाबते. भिंत चाचपत नाही. मी बिछान्यातून तो टक् आवाज ऐकते.

शुश्रूषा

रानजाई, हे वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. हाताची आठवण वेगळ्या वाटेने साठते, ती बऱ्याचदा वाचते. तुमच्या आईच्या हाताला ते घर ठाऊक आहे.

बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दरवेळी नव्याने दुःख द्यायचं नाही, हा सल्ला काही आजारांत आम्हीही देतो. पण तुमच्या आई विचारतायत, वाट बघतायत आणि ताई आपल्याला विसरली असंही त्यांना वाटत असेल. एक सुचवू का? तुमच्याकडच्या डॉक्टरांशी बोलून एक वही करा. त्यात इतर कुणी लिहायचं नाही. शांत वेळी, जवळ बसून, सांगितलेलं त्यांनीच लिहायचं. दुसऱ्याने सांगितलेलं विसरलं जातं, पण आपलं अक्षर माणूस बऱ्याचदा ओळखतो आणि त्यावर विश्वास ठेवतो.

उत्तरवारा

काहीतरी लिहायचं होतं, सुचलं नाही. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

रानजाई

तीन आठवड्यांनी लिहितेय. धागा खाली गेला होता, वर काढल्याबद्दल माफ करा, पण इथल्या माणसांना कळवायलाच हवं होतं.

बाबा आधी तयार नव्हते. त्यांना मालिकेचा शेवटचा भाग दाखवला. भाषा कळत नव्हती, मी शेजारी बसून सांगत होते. जुन्या सीडी प्लेअरवर ते गाणं लागतं आणि याएच्या चेहऱ्यावर एकेक परत यायला लागतं, तिथे त्यांनी चष्मा काढला. पुढची याए आणि हारुमिचीची आइसलँडमधली भेट त्यांनी बघितलीच नाही, उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर दोनशे पानी वही घेऊन आले.

आईला त्यांनीच सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते. ती रडली. ते उठले नाहीत. मग तिने विचारलं, "मी होते का तेव्हा तिथे?" बाबा म्हणाले, "होतीस. तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं." हे आम्ही तिला आधी कधीच सांगितलं नव्हतं. गेली एवढंच सांगत होतो.

तिने लिहिलं. अक्षर थोडं वाकडं झालंय, पण तिचंच. पहिली ओळ: "ताई गेली. मी जवळ होते."

त्यानंतर दोनदा तिने ताईबद्दल विचारलं. दोन्ही वेळा बाबांनी वही पुढे केली. ती वाचते, ओळीवरून बोट फिरवते, बराच वेळ काही बोलत नाही. रडतेही, पण पहिल्यासारखी दचकून नाही. परवा वही परत ठेवताना मी सहज उघडली, तर खाली आणखी एक ओळ होती. ती कुणी सांगितलेली नव्हती.

"ताई माझी वेणी फार घट्ट घालायची."